डॅलसचा लेओव्हर मिळालाय? झोपून काढू नका, गुरं बघायला जा

आम्हा केबिन क्रूच्या रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) पहिल्यांदा टेक्सासमधलं डॅलस दिसलं की नव्या पोरींचा मेसेज येतोच, ताई तिथे करण्यासारखं काय आहे, मॉल कुठला जवळ पडतो. मॉल आहेत गं, पण मॉल आपल्या बेसवर, म्हणजे आपण राहतो त्या शहरात, काय कमी आहेत का. पंधरा-सोळा तासांची फ्लाइट करून, पाय सुजवून, तीनशे ट्रे उचलून परत मॉलमध्येच जायचं असेल तर हॉटेलात झोपलेलं बरं. मी स्वतः पहिले दोन डॅलस लेओव्हर (दोन फ्लाइटमधले मुक्काम) झोपूनच काढले, आमच्यात अशा लोकांना स्लॅम-क्लिकर म्हणतात, दार आपटलं, कडी लागली, आता थेट पिकअपलाच, एअरपोर्टची गाडी आली की, तोंड दिसणार. तिसऱ्यांदा मात्र गेले शेजारच्या फोर्ट वर्थ शहरातल्या स्टॉकयार्ड्सला, एकटीच, कारण त्या बॅचमधलं कुणी यायला तयार नव्हतं. त्यानंतर डॅलस मिळालं की मी तिथेच जाते. हे सगळं खाली लिहितेय ते त्या चार-पाच खेपांमधलं आहे, चुकांसकट.

आधी हे ठिकाण आहे काय ते समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल

काउबॉय टाउन म्हटलं की डोळ्यासमोर सिनेमा येतो, धुळीचा रस्ता, दोन माणसं समोरासमोर, हात पिस्तुलावर. स्टॉकयार्ड्स हा मुळात तसला प्रकार नाहीच, तो गुरांचा बाजार होता. म्हणजे आपल्या खरसुंडीला नाहीतर सांगोल्याला भरतो तसा, फक्त प्रचंड, रेल्वेला जोडलेला आणि वर्षभर चालणारा. हे डोक्यात ठेवून गेलात ना की तिथली प्रत्येक गोष्ट नीट कळते, नाहीतर मग ‘काय, चार दुकानं आणि टोप्या’ एवढंच वाटतं.

थोडक्यात कथा अशी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरं मोकाट माजलेली, इथे एका जनावराला जेमतेम चार डॉलर आणि उत्तरेकडच्या शहरांत चाळीसपर्यंत भाव. मग काय, कळपच्या कळप चालवत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचे, त्या वाटेचं नाव चिझम ट्रेल, आणि या वाटेवर उजाड मुलुख लागायच्या आधीचं शेवटचं मोठं गाव म्हणजे फोर्ट वर्थ. पीठ, कॉफी, दारू, दोर, काय घ्यायचं ते इथेच घ्या. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून हिंडायचे तसंच काहीसं, फक्त इथे बैल हाच माल.

१८७६ ला रेल्वे फोर्ट वर्थपर्यंत आली आणि चालवत न्यायची गरज हळूहळू संपली, १८८७ मध्ये बाजाराचे वाडे (गुरं कोंडायची कुंपणं) उभे राहिले, आणि १९०२ च्या सुमाराला आर्मर आणि स्विफ्ट या मांस डबाबंद करणाऱ्या दोन बलाढ्य कंपन्या आल्या. त्यांना आणायला गावकऱ्यांनी म्हणे एक लाख डॉलर वर्गणी काढली होती! हा सगळा भाग तर १९११ मध्ये नाइल्स सिटी नावाचं वेगळं चिमुकलं गाव म्हणून जाहीर झाला, वस्ती पाचशेच्या आसपास पण मालमत्ता कोट्यवधीची, फोर्ट वर्थला कर द्यायला नको म्हणून. १९२० च्या दशकात शहराने ते गिळलंच. १९४४ मध्ये इथून एका वर्षात पन्नास लाखांवर जनावरं गेली. मग ट्रक आले, माल रेल्वेनेच यायची सक्ती राहिली नाही, लिलाव शेतकऱ्याच्या दारापाशी व्हायला लागले, आर्मरचा कारखाना १९६२ ला बंद, स्विफ्टचा १९७१ ला. इतिहास इथे संपला, पुढे जायचं कसं ते बघू.

पायरी १: पिकअपपासून उलटं मोजा

नवीन क्रूची सगळ्यात मोठी चूक ही की लॅंडिंगपासून मोजतात. ‘चोवीस तास आहेत ना, भरपूर झाले.’ अजिबात भरपूर नाहीत. कागद घ्या, खाली पिकअपची वेळ लिहा, त्याच्यावर वेकअप कॉल, त्याच्यावर सलग आठ तास झोप, त्याच्यावर हॉटेलात परत आल्यावरची आंघोळ-इस्त्री-जेवण यांचा दीड तास, त्याच्यावर परतीचा प्रवास, आणि मग वर जे उरतं ते तुमचं. बहुतेक वेळा पाच-सहा तास उरतात. ते पुरतात.

आता या पाच-सहा तासांत एकच खुंटा पक्का ठोकायचा, तो म्हणजे गुरं रस्त्यावरून नेतात ती वेळ. रोज दोनदा, सकाळी साडेअकरा आणि दुपारी चार. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला. सकाळी उतरला असाल तर चारची वेळ धरा, संध्याकाळी उतरला असाल तर दुसऱ्या दिवशीची साडेअकराची, पण ती पिकअप रात्रीचा असेल तरच, दुपारचा पिकअप असेल तर उगाच जीव टांगणीला लावू नका. ऊन फार असेल किंवा वादळ असेल तर गुरं बाहेर काढत नाहीत, म्हणून निघायच्या आधी त्या दिवशीचं एकदा बघून घ्या.

पायरी २: उतरल्यावर झोप, पण मोजून

सकाळी उतरलात की शरीराला वाटतं रात्र झाली, कारण आखातात आणि डॅलसमध्ये आठ-नऊ तासांचा फरक आहे, त्यांचा हिवाळा असेल तर दोहा-दुबईच्या घड्याळाने नऊ-दहा. मी एकदा ‘जरा पाठ टेकते’ म्हणून आडवी झाले ती संध्याकाळी सात वाजता उठले, अंगावर अजून युनिफॉर्मचा ब्लाउज, केसाच्या पिना तशाच, आणि चारची गुरं केव्हाच परत गोठ्यात. तेव्हापासून नियम: मेकअप उतरवायचा, आंघोळ, दोन अलार्म (एक फोनवर आणि एक हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून), आणि फक्त दोन तास. पडदे पूर्ण लावू नका. उठल्यावर डोकं जड असतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, साहजिक आहे, रस्त्यावर आलं की अर्ध्या तासात उतरतं.

आणि सिनियरना सांगून जा. एकटं जाणं वेगळं आणि कुणाला पत्ता नसणं वेगळं. मी ग्रुपवर एवढंच टाकते, स्टॉकयार्ड्सला चाललेय, आठपर्यंत परत. आठ वाजता परत आल्यावर एक थंब्सअप. बास.

पायरी ३: काय घालायचं, काय न्यायचं

फार काही नाही. जीन्स, सुती टॉप, आणि बंद शूज, हे मात्र ऐका. सॅंडल घालून गेलेल्या एका मुलीचा पाय कशात गेला ते मी लिहीत नाही, गुरांच्या रस्त्यावर काय असणार. उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पारा ३८-४० ला सहज टेकतो, आपल्या विदर्भासारखं कोरडं-कोरडं भाजत नाही, थोडी दमट झाक असते, पण चटका तोच. पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन. वसंतात वादळं आणि गारा, तेव्हा हवामानाचं अ‍ॅप उघडं ठेवा.

पासपोर्ट किंवा वयाचा फोटोवाला पुरावा पाहिजेच, कारण २१ च्या आतल्यांना दारू नाही आणि तिथे तिशीतल्या बाईलाही ओळखपत्र मागतात. (मला मागितलं तेव्हा मी दिवसभर खूश होते.) दारूवरून आठवलं, पुढच्या ड्यूटीच्या किती तास आधी ग्लास खाली ठेवायचा ते तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे, ते पाठ असू द्या, टेक्सासची हवा लागली म्हणून नियम बदलत नाही.

पायरी ४: जायचं कसं

तुमचं क्रू हॉटेल कुठे आहे त्यावर आहे. एअरपोर्टच्या आसपास असेल तर सरळ एअरपोर्टवर परत या, टर्मिनल बी ला टेक्सरेल नावाची ट्रेन मिळते, २०१९ पासून चालू आहे, स्वच्छ, एसी, आणि बऱ्याचदा अर्धी रिकामी. आपली फ्लाइट लागते डी ला, पण बी ला जायला टर्मिनलांमध्ये फिरणारी फुकट बस असते. ट्रेन साधारण अर्ध्या ते एक तासाने एक, म्हणून वेळ आधी बघून ठेवा, हुकली तर प्लॅटफॉर्मवर बसून चिप्स खा. तिकीट दोन-चार डॉलरचं काम, फोनवर किंवा मशीनवर. टॅक्सीने गेलात तर याच्या कित्येक पट.

स्टॉकयार्ड्ससाठी उतरायचं नॉर्थ साइड स्टेशनला, फोर्ट वर्थच्या मेन स्टेशनच्या एक आधी. इथे मी पहिल्या वेळी डुलकी लागून पुढे गेले, मग तिथून नॉर्थ मेन स्ट्रीटची बस पकडून मागे आले, तेही जमतं, घाबरायचं कारण नाही. नॉर्थ साइडवरून चालत दीड-दोन किलोमीटर आहे, नकाशावर काहीच वाटत नाही, पण मध्ये गोडाऊनं आणि रिकामे रस्ते, सावली शून्य, फुटपाथ कधी आहे कधी नाही. दिवसा थंडीत चाला हवं तर. उन्हात आणि अंधारात गाडी बोलवा, पाच मिनिटांचा प्रवास आहे, त्यात पैसे वाचवू नका.

हॉटेल डॅलस डाउनटाउनमध्ये असेल तर युनियन स्टेशनवरून टीआरई नावाची वेगळी ट्रेन फोर्ट वर्थला जाते, तासभर लागतो. ही रविवारी नसते! रविवारचा लेओव्हर असेल तर दोघी-तिघींना पटवून गाडी वाटून घ्या, नाहीतर एअरपोर्टला येऊन टेक्सरेल.

पायरी ५: गुरं

एक्सचेंज अ‍ॅव्हेन्यू नावाचा विटांचा रस्ता आहे, त्याच्यावरून जातात. वीस मिनिटं आधी जाऊन कडेला उभं राहा, लाइव्हस्टॉक एक्सचेंज नावाच्या पांढऱ्या, लाल कौलांच्या इमारतीसमोर जागा चांगली मिळते. दुपारी चारला सूर्य कुठून येतो ते बघून बाजू निवडा, नाहीतर फोटोत नुसत्या काळ्या सावल्या. पुढच्या रांगेत लहान मुलं असतात, त्यांच्या मागे उभं राहिलात तरी दिसतं, कारण जे बघायचंय ते मुलांच्या डोक्याच्या बरंच वर असतं.

आधी दोन घोडेस्वार येतात, अंगावर १८८० च्या काळातले कपडे, लोकांना फुटपाथवर सरकवतात. मग मिनिटभर काहीच नाही. मग विटांवर खुरांचा आवाज, ठक ठक, अगदी सावकाश, आणि मग शिंगं. मी खिल्लार बघत मोठी झालेली मुलगी आहे, आजोबांच्या दावणीला जोडी होती, पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावताना स्टुलावर चढायला लागायचं, त्यामुळे मला वाटलेलं आपल्याला कोण काय शिंगं दाखवणार. पण खिल्लारची शिंगं मागे आणि वर जातात, टोकाला भाल्यासारखी. यांची आडवी जातात. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा-सात फूट, म्हणजे मी दोन्ही हात पसरले तरी कमी पडेन. त्यातला एक पिवळट, पाठीवर ठिपके असलेला बैल माझ्यापासून दोन हातांवरून गेला, मान किंचित तिरकी करून, जसा आपण मोठी ट्रॉली अरुंद आइलमधून काढतो तसा, कुणाच्या खांद्याला न लागू देता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि वास आला, शेण, धूळ, गरम कातडं, आजोबांच्या गोठ्याचा, अगदी तोच. सोळा तास रिसायकल झालेल्या हवेत काढल्यावर तो वास नाकात गेला आणि मी चक्क रडले, झोप झाली नव्हती हेही खरं.

सगळं मिळून पाच-दहा मिनिटांत संपतं. पंधरा-वीस बैल असतात, पळत नाहीत, ओरडा नाही. शेजारचे लोक ‘एवढंच?’ म्हणतात. पण खरी पद्धत हीच होती, चिझम ट्रेलवर कळप दिवसाला पंधरा ते पंचवीस किलोमीटरच चालवायचे, जास्त पळवलं तर वजन घटतं आणि बाजारात भाव पडतो. सिनेमातली पळापळ म्हणजे खऱ्या गुराख्याच्या दृष्टीने नुकसान. हा रोजचा कार्यक्रम शहराने १९९९ मध्ये, दीडशेव्या वर्षानिमित्त सुरू केला, तिकीट नाही.

पायरी ६: गर्दी पांगली की मागे जा

लोक गुरं गेली की सरळ दुकानात किंवा बारमध्ये घुसतात. तुम्ही एक्सचेंजच्या इमारतीच्या मागे जा. तिथे लाकडी कुंपणाचे वाडे आहेत आणि मघाचे बैल तिथेच रवंथ करत बसलेले असतात. आजूबाजूला गुराखी असले तर बोला, त्यांना प्रश्न आवडतात, मी खिल्लारचा फोटो दाखवला तर एका गुराखी बाईने तो झूम करून करून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, हे ओझं किती ओढतात. शेतकऱ्याचा प्रश्न.

जुन्या वाड्यांवरून जाणाऱ्या उंच लाकडी पायवाटा होत्या, खरेदीदार वरून चालत जनावरं हेरायचे, खाली शेणात उतरायला नको म्हणून. आत एक्सचेंजमध्ये दलालांच्या कचेऱ्या, तार ऑफिस, सगळं एकाच छपराखाली. पूर्वी डुकरं-मेंढरं कोंडायचे तिथे आता दुकानं आहेत, घोडे-खेचरांचे विटांचे तबेले होते ते म्यूल अ‍ॅली, तिथे आता झगमगीत हॉटेलं आणि कॉफी. हे तबेले १९११ च्या आगीत जळाले म्हणून पुढच्याच वर्षी विटांचे बांधले, आणि पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी घोडे-खेचरं इथून गेली. कॉफी महाग आहे पण टॉयलेट चांगलं आहे, क्रूला काय महत्त्वाचं ते आपल्याला माहीत.

काउटाउन कॉलिसियम हे स्टेडियम १९०८ चं, १९१८ मध्ये इथे छपराखालचा रोडिओ (घोड्या-बैलांवर स्वारीचे खेळ) झाला, जगातला पहिला असं फोर्ट वर्थवाले सांगतात. त्याच्या आसपास एक पुतळा शोधा, बैलाशी झटणारा माणूस. तो बिल पिकेट, कृष्णवर्णीय काउबॉय, धावत्या घोड्यावरून उडी मारून बैलाची शिंगं धरायची आणि त्याचा ओठ दातात पकडून त्याला लोळवायचा ही त्याची कला, बुलडॉगिंग. सिनेमात काउबॉय सगळे गोरे, पण खऱ्या गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन बरेच होते, रोडिओ, रॅंच, लॅसो हे शब्दच मुळी स्पॅनिशमधून आलेले.

आणि एक गैरसमज. व्हाइट एलिफंट सलूनची पाटी दिसली की लोक समजतात १८८७ मधली ती प्रसिद्ध गोळीबारी, ल्यूक शॉर्ट आणि जिम कोर्टराइटची, इथेच झाली. ती झाली डाउनटाउनमध्ये, त्या नावाच्या मूळ सलूनबाहेर. नाव इथे नंतर आलं. गाइडसमोर हे बोलू नका, बिचाऱ्याचा मूड जातो.

पायरी ७: खायचं काय (हे नीट वाचा)

हे गाव बीफवर उभं राहिलं, मेन्यू तसाच असणार. खाणाऱ्यांना स्वर्ग, त्यांना माझी गरज नाही. न खाणाऱ्यांसाठी लिहितेय.

चिकन फ्राइड स्टेक यात चिकन नसतं. परत सांगते, नसतं. चिकनसारखं पिठात घोळवून तळलेलं बीफ असतं ते, वर पांढरी ग्रेव्ही. मी पहिल्या खेपेला एका ठिकाणी ऐटीत मागवलं, दोन घास झाल्यावर वेट्रेसला विचारलं हे चिकन एवढं दाट कसं, ती म्हणाली हनी, दॅट्स बीफ. पुढचं जाऊ दे. आईला अजून सांगितलेलं नाही. चिकन हवं असेल तर ‘चिकन फ्राइड चिकन’ असं विचित्र नाव शोधा, खरंच असतं.

काफ फ्राइज दिसलं तर ते बटाटे नाहीत, वासराचे वृषण आहेत, तळलेले. टेक्सास चिली म्हणजे मिरची नाही, मांसाचा रस्सा, त्यात राजमाही नसतो. साधी फरसबी मागवली तरी त्यात बेकनचे तुकडे असू शकतात, रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी, म्हणून ‘मीट नको’ एवढं म्हणून भागत नाही, ‘लार्ड आहे का, बेकन आहे का’ असं नाव घेऊन विचारा.

मग खायचं काय? चीज एन्चिलाडा, वरचा सॉस बिनामांसाचा आहे ना विचारून. कॉर्नब्रेड. आणि तळलेली भेंडी! फ्राइड ओक्रा, मक्याच्या पिठात घोळवलेली, कुरकुरीत, वाटीभर येते, बरोबर तिखट सॉस मागून घ्या, मी दोन वाट्या आणि पीच कॉब्लर यावर अख्खा दिवस काढलाय. गोड चहा बर्फाचा असतो आणि गोड म्हणजे आपल्या लग्नातल्या सरबताइतका गोड. साधं पाणी फुकट.

बिलावर ८.२५ टक्के टॅक्स चढतो आणि टिप १८ ते २० टक्के. मेन्यूवर १५ डॉलर दिसलं की मनात २० धरा. एकटीने टेबल मागायला लाज वाटत असेल तर बारच्या काउंटरवर बसा, जेवण तिथेही मिळतं.

पायरी ८: हॅट आणि बूट

इथेच पगार जातो. बूट उतरल्या उतरल्या घेऊ नका. आपले पाय फ्लाइटनंतर सुजलेले असतात, मी तसेच जाऊन घेतले, दुकानात झक्कास बसले आणि दोन दिवसांनी पाय आत डुगडुगायला लागला. झोप झाल्यावर, जाड मोजे घालून ट्राय करा. वरचा उंचवटा घट्ट बसला पाहिजे, पंजा दाबायचा नाही, टाच चालताना किंचित उचलली गेली तर चालते, चामडं वाकायला लागलं की बसते. पहिले काही दिवस कोल्हापुरीसारखेच चावतात आणि वाजतात, त्याला इलाज नाही. चांगल्या चामड्याचे काहीशे डॉलर जातात, त्यामुळे नुसते घालून बघायला, आरशात फोटो काढायला आणि ‘विचार करते’ म्हणून निघायला काही हरकत नाही, दुकानदारांना सवय आहे.

हॅट घ्यायची तर उन्हाळ्यात गवताची, थंडीत फेल्टची. डोक्याचा घेर घरूनच मोजून न्या, ५६ सेंटीमीटर म्हणजे त्यांचा साइज ७. चांगल्या दुकानात वाफेवर धरून तुमच्यासमोर कडा वळवून देतात, ते बघण्यात पंधरा मिनिटं मस्त जातात. घेतल्यावर टेबलावर ठेवताना उलटी ठेवायची, डोकं खाली, कडा वर, नाहीतर आकार जातो. पलंगावर ठेवू नका, तिथे अपशकुन मानतात. दुसऱ्याच्या हॅटला हात लावू नका. बॅगेत न्यायची तर आत मोजे आणि टी-शर्ट कोंबा, उलटी ठेवा आणि भोवती कपडे रचा.

पायरी ९: संध्याकाळ

शुक्रवार-शनिवार असेल आणि पिकअप दुसऱ्या दिवशी उशिरा असेल तर रोडिओ बघा. बैलावर आठ सेकंद टिकायचं, एकच हात दोराला, दुसरा हवेत, तो कशालाही लागला की बाद. आठ सेकंद म्हणजे किती हे तिथे बसल्यावर कळतं, आपला दरवाजा आर्म-क्रॉसचेक (विमानाचे दरवाजे तयार करून एकमेकींचे तपासणं) पण त्याहून जास्त वेळ चालतो. बिली बॉब्स नावाचा अवाढव्य नाचघर-बार आहे, १९८१ चा, जुन्या गुरांच्या शेडमध्ये, तिथे टू-स्टेप हा जोडीने करायचा नाच शिकवणारे भेटतात. एकट्या बाईला कुणी नाचायला विचारलं तर तिथे ते सभ्यपणे विचारतात, नाही म्हटलं की ‘यस मॅम’ म्हणून जातात, माझा तरी अनुभव असाच. तरी ग्लास नजरेआड नको, आणि खोलीचा नंबर, हॉटेलचं नाव, कंपनी, यातलं काही सांगायचं नाही.

टेक्सासमध्ये लोक कमरेला खरंखुरं पिस्तूल लावून फिरू शकतात, २०२१ पासून बऱ्याच प्रौढांना परवानाही लागत नाही, त्यामुळे दिसलं तर दचकू नका आणि फोटो काढू नका. बारच्या दारावर लाल रंगात ५१% लिहिलेली पाटी दिसली तर समजा आत बंदूक न्यायला बंदी आहे, तिथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची असते म्हणून.

रात्री परतताना ट्रेनचा हट्ट नको. गाडी बोलवा, नंबर प्लेट बघा, मागे बसा, लोकेशन ग्रुपवर.

हॉटेलात आल्यावर सगळ्यात आधी बुटांचे तळवे. हॉटेलचा तो फुकटचा टूथब्रश घ्या, गरम पाणी, साबण, खाचांमधलं शेण पूर्ण काढा. सूटकेसला वास लागतो हे एक, आणि पुढच्या रोस्टरवर सिडनी किंवा ऑकलंड असेल तर तिथल्या फॉर्मवर विचारतात, गेल्या महिन्याभरात जनावरांच्या जवळ गेला होतात का. खरं उत्तर ‘हो’ आहे, ‘हो’च लिहा, ते बूट उलटे करून बघतात, स्वच्छ असले की दोन मिनिटांत सोडतात.